वाऱ्याला वाट

[उन्हाळा सर्वांनाच सोसावा लागतो. पण कोरडा उन्हाळा आणि दमट उन्हाळा यांत फरक आहे. एकात जो उपाय चालतो, तो दुसऱ्यात चालत नाही. घर हवेशीर आणि हलके कसे ठेवावे, हे एका घरातील अनुभवाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.]

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोक नेहमी दोन शब्द वापरतात : 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे तालुके घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. दर शंभर मीटर उंचीमागे हवा साधारणपणे अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. म्हणून मे महिन्यात मलकापूरहून निघालेली एस.टी. राजूर घाट चढू लागली, की खिडकीतून येणारा वारा बदलतो. प्रवासी रुमालाने घाम पुसायचे थांबतात.

आमचे गाव घाटाखालचे. तेथे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. माझे बालपण तेथे एका धाब्याच्या घरात गेले.

धाब्याचे घर म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर. भिंती हातभराहून अधिक जाड. वर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या काड्या व पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पूर्वी शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि गावाच्या जमिनीला 'पांढरी' म्हणत. या पांढरीतलीच माती घराच्या डोक्यावर चढे. छपरात एक लहानसे छिद्र ठेवलेले असे. त्याला 'साणे' म्हणत. त्यातून उजेड खाली येई आणि चुलीचा धूर व गरम हवा वर निघून जाई. तुम्ही ज्याला रोशनदान म्हणता, त्याचाच तो गरीब भाऊ!

बाहेर ऊन रणरणत असले, तरी दुपारी त्या घरात गारवा असे. माझी दादी सकाळी दहाच्या सुमारास खिडक्या-दारे लावून घेई, आणि सूर्य मावळल्यावर उघडी. जाड माती तापायला वेळ लागतो. भिंत बाहेरून तापून आतपर्यंत ऊब पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. तोवर आम्ही अंगणात खाटा टाकलेल्या असत.

पण धाब्याचे घर सांभाळणे सोपे नव्हते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी छपरावर नवी माती टाकावी लागे. एखाद्या वर्षी हयगय झाली, की पावसात घर गळे. मग घरभर पातेली आणि बादल्या मांडाव्या लागत. तुळया वाळवीने पोखरल्या, की बदलायला लाकूड महाग. मी सहावीत असताना अब्बांनी मनाशी ठरवले आणि धाबे काढून त्या जागी टिनाचे छप्पर घातले. शेजारी म्हणाले, "चला, आता घर पक्के झाले!" आम्हालाही आनंद झाला. आता पातेली मांडावी लागणार नव्हती. टिन खाली ठेवायचे म्हणून भिंतीही थोड्या उतरवल्या होत्या. साणे अर्थातच गेले. मागच्या गल्लीकडची खिडकी तर अब्बांनी विटांनी बुजवूनच टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर आत पडते, असे अम्मीला वाटत होते.

पहिल्याच उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापली. मग अब्बांनी कूलर आणला. एप्रिल आणि मे चांगले गेले. कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपे, त्यातून गार हवा येई, आणि आम्ही भावंडे कूलरसमोरची जागा पकडण्यासाठी भांडत असू.

मृग नक्षत्र जवळ आले. आकाशात ढग जमू लागले, पण पाऊस पडेना. झाडाचे पान हलत नव्हते. पापड मऊ पडले, डब्यातले मीठ ओलसर झाले. तापमापकाचा पारा मे महिन्यापेक्षा खाली उतरला होता, तरी जिवाची तगमग वाढली होती. अम्मीने नेहमीप्रमाणे दार-खिडक्या घट्ट लावल्या आणि कूलर सुरू केला. कूलर घरघरत होता, पण अंगाची चिकचिक जाईना. अंथरूणसुद्धा दमट लागत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादी माझ्या धाकट्या भावाला माझ्या नावाने हाका मारू लागली. आम्हाला वाटले, गंमत करते आहे. मग ती असंबद्ध बोलू लागली. तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसावा तसे कपाळ तापलेले. अब्बांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लगेच तिचे अंग ओल्या कापडाने पुसायला लावले, पंखा जवळ घेतला, सलाईन लावले. दोन दिवसांनी दादी आम्हाला पुन्हा नीट ओळखू लागली.

निघताना डॉक्टरांनी अब्बांना एकच प्रश्न विचारला, "त्या खोलीत हवा यायला आणि जायला वाट आहे का?"

अब्बा काहीच बोलले नाहीत.

मुलांनो, त्या प्रश्नाचे उत्तर समजायला मला पुढे विज्ञान शिकावे लागले. ते उत्तर असे आहे.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेर उष्णता वाढली, की आपल्याला घाम येतो. पण घाम आल्याने शरीर थंड होत नाही. तो घाम वाळल्याने, म्हणजे त्याची वाफ झाल्याने शरीर थंड होते. पाण्याची वाफ होताना ते आपल्या अंगातील उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते, वाळते, आणि आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. कूलरचेही तसेच. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून येते, ताटीतले पाणी वाळते, हवा गार होते.

म्हणजे घाम, माठ आणि कूलर ही तिघेही एकाच नियमाने चालतात. हवा कोरडी असेल, तर तिघांचेही काम उत्तम चालते. हवेत आधीच भरपूर वाफ असेल, तर तिघेही थकतात.

हे मोजताही येते. एका तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळा, दुसरा तसाच कोरडा ठेवा, आणि दोन्हींना वारा घाला. हवा ४२ अंश गरम, पण अतिशय कोरडी असेल, म्हणजे आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. फरक वीस अंशांचा! याउलट हवा ३४ अंश, पण आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे ३० अंश दाखवतो. फरक फक्त चार अंशांचा. ओल्या तापमापकाच्या खाली हवा नेणे कोणत्याही कूलरला शक्य नसते. म्हणून मे महिन्यातला आमचा मित्र कूलर मृगात निरुपयोगी ठरला. इतकेच नव्हे, बंद खोलीत तो वाफ भरत राहिला आणि दादीच्या अंगावरचा घाम त्याने वाळूच दिला नाही. वरून टिनाची धग येतच होती.

आमची चूक कूलर आणण्यात नव्हती. वाऱ्याची वाट बंद करण्यात होती.

दादी घरी आली, त्याच आठवड्यात अब्बांनी काम सुरू केले. पैसे फारसे नव्हते. त्यामुळे जे थोडक्यात होईल, तेच आधी केले.

पहिले काम, मागची खिडकी पुन्हा उघडली. पण अम्मीची अडचणही खरी होती. गल्ली अरुंद, समोर दुसऱ्यांचे दार. घरातील बायकांचा सारा दिवस घरातच जातो. उकाडा सर्वांत जास्त त्यांनाच सोसावा लागतो, आणि खिडकी उघडी ठेवायची चोरीही त्यांनाच. यावर गवंडीकाकांनी तोड काढली. त्यांनी खिडकीच्या जागी सिमेंटची नक्षीदार जाळी बसवली. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले दिसत नाही. आत उजेड कमी आणि बाहेर जास्त असला, की नजर बाहेरच अडते. रात्री दिवा लावल्यावर मात्र उलटे होते. म्हणून आतून एक पातळ सुती पडदा लावला.

दुसरे काम, वरची वाट. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. टिनाच्या खाली ती कोंडून राहते. दोन्ही बाजूंच्या भिंतींत, छपराच्या लगेच खाली, अब्बांनी दोन-दोन विटा काढून झरोके केले. पाखरे येऊ नयेत, म्हणून त्यांना जाळी लावली. खालच्या खिडकीतून गार हवा आत आणि वरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर, असा प्रवाह सुरू झाला. गेलेले साणे दुसऱ्या रूपात परत आले.

तिसरे काम, टिनाची धग अडवणे. टिनाच्या खाली, थोडी जागा सोडून, बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधले. टिन आणि तट्टा यांच्यामधली हवा झरोक्यांतून वाहत राहते. त्यामुळे धग खाली उतरत नाही. टिनावर वरून दाट पांढरा चुना दिला. पांढरा रंग सूर्याचे बरेचसे किरण परतवून लावतो. पूर्वी दुपारी त्या टिनाला बोट लावले, तरी फोड येई. आता हात ठेवता येऊ लागला. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीनंतर तो पुन्हा द्यावा लागतो. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. चुना डोळ्यांत गेला, तर डोळ्याला इजा होते.

चौथ्या कामाला एक पैसाही लागला नाही. अम्मीने घर हलके केले. खिडकीसमोर उभे असलेले कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवले. खाटेखालची जुनी गाठोडी, रिकामे डबे, फाटक्या गाद्या बाहेर काढल्या. जाड, गडद पडद्यांच्या जागी पातळ, फिकट पडदे आले. भिंतींना पांढरी सफेदी केली. तेवढ्याच खिडकीतला उजेड दुप्पट वाटू लागला. धुतलेले कपडे घरात वाळत घालणे बंद केले. कारण कपड्यांतले पाणी शेवटी घरातल्या हवेतच जाते. भाताचे पातेले उकळताना मागचे दार उघडे ठेवायची सवय लागली.

पाचवे काम आम्हा मुलांकडे होते. पश्चिमेच्या भिंतीला दुपारचे ऊन सर्वांत जास्त लागते. तेथे आम्ही मांडव घातला आणि गिलक्याचे वेल चढवले. पहिला उन्हाळा मांडवावर नुसत्या तुऱ्हाट्या अंथरून काढला. दारात कडुनिंबाचे रोप लावले. आज ते झाड छपराच्या वर गेले आहे.

आणि कूलर? तो आजही आहे. पण आता त्याचे नियम ठरले आहेत. कूलर खिडकीत बसवायचा, म्हणजे बाहेरची ताजी हवा त्यातून येते. समोरची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे ओली हवा निघून जाते. ढग आले, चिकचिक सुरू झाली, की पाण्याची मोटार बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. कूलरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, कूलरला हात लावण्यापूर्वी, पाणी भरण्यापूर्वी, बटण बंद करून प्लग काढायचा. विजेचा धक्का बसून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरजवळ जाऊ नका. घरात लहान भावंडे असतील, तर त्यांनाही जाऊ देऊ नका.

खिडक्यांचा नियमही आम्ही दोन भागांत शिकलो. कोरड्या उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघड्या. दमट उन्हाळ्यात दिवस असो वा रात्र, उघड्या. दादीचा जुना नियम चुकीचा नव्हता. तो फक्त एप्रिल-मे महिन्यांचा नियम होता. आम्ही तो जूनमध्येही चालवला.

पुढे शिक्षक झाल्यावर शाळेच्या सहली निघू लागल्या, आणि माझ्या लक्षात आले, की वाऱ्याचा विचार करणारे आम्हीच पहिले नव्हतो. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांचा वाडा आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म तेथे झाला. त्या वाड्याच्या जाड भिंतींना हात लावून पाहा. बाहेर ऊन असते, आणि भिंत आतून गार लागते.

छत्रपती संभाजीनगर शहराचे नाव २०२३ पर्यंत औरंगाबाद होते. तेथील पाणचक्कीही पाहण्यासारखी आहे. तेथे लांबरुंद हौद आहे, आणि त्या हौदाच्या खाली एक मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी, खाली सावली! भर उन्हाळ्यात त्या दालनात गेले, की माणूस बाहेर यायला तयार होत नाही. त्याच शहरातील बीबी का मकबरा येथील संगमरवरी जाळ्या पाहताना मला आमच्या गवंडीकाकांची सिमेंटची जाळी आठवली. एक राजघराण्याची, एक आमच्या घराची. काम मात्र एकच, वारा आत घेणे आणि नजर बाहेर ठेवणे.

इराणमधील यझ्द शहर वाळवंटाच्या काठावर आहे. तेथील जुन्या घरांवर उंच मनोरे दिसतात. त्यांना 'बादगीर' म्हणतात. हा शब्द तुम्ही सहज फोडू शकाल. 'बाद' म्हणजे वारा आणि 'गीर' म्हणजे पकडणारा. हे मनोरे उंचावरचा वारा पकडून खाली घरात सोडतात. या जुन्या शहराचा २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आता मराठीतील खिडकीचा एक जुना शब्द पाहा, 'वातायन'. 'वात' म्हणजे वारा आणि 'अयन' म्हणजे मार्ग. इंग्रजीतील 'विंडो' या शब्दाचाही मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. भाषा निरनिराळ्या, पण खिडकीला नाव देताना सर्वांना वाराच आठवला!

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. मे २०१० मध्ये गुजरातमधील अहमदाबाद शहरात भयंकर उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उन्हापासून लोकांना वाचवण्याचा आराखडा तयार केला. पुढे तेथे गरीब वस्त्यांमधील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही सुरू झाले. शेजारच्या तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी धोरणच जाहीर केले. अब्बांनी चुन्याची बादली घेऊन जे केले, तेच आज शहरे आणि सरकारे करू लागली आहेत.

मुलांनो, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. घर कितीही चांगले असले, तरी कधी कधी ऊन बाधतेच. चक्कर येणे, डोके दुखणे, मळमळणे ही पहिली सूचना समजा. त्या माणसाला सावलीत, वाऱ्यात बसवा आणि पाणी पाजा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग फार तापले किंवा तो बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याच्या अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आमच्या घरी त्या दुपारी आम्ही जी थोडी मिनिटे 'गंमत असेल' म्हणून घालवली, ती तुम्ही घालवू नका.

दादी त्यानंतर बरीच वर्षे जगली. जोहरची नमाज झाली, की ती जाळीच्या खिडकीजवळ येऊन बसे. जाळीतून येणारी उन्हाची नक्षी फरशीवर पडलेली असे आणि पडदा हळूहळू हलत असे. एकदा मी तिला विचारले, "दादी, घरात येणारा वारा खोलीभर का फिरतो? पूर्वी पुढची खिडकी उघडली, तरी तो आत येत नव्हता."

दादी शाळेत गेलेली नव्हती. ती हसून म्हणाली, "वारा पाहुण्यासारखा असतो, बेटा. ज्या घरातून निघायची वाट दिसत नाही, त्या घरात तो पाऊल टाकत नाही."

मी आज वर्गात हवेच्या प्रवाहाचा धडा शिकवतो, तेव्हा फळ्यावर आधी दोन खिडक्या काढतो. मग दादीचे वाक्य सांगतो.

शब्दार्थ

धाबे – मातीचे सपाट छप्पर
साणे – छपरातील धूर-उजेडाचे छिद्र
हयगय – निष्काळजीपणा
रणरणणे – (ऊन) अतिशय तापणे
तगमग – जिवाची तळमळ
दमट – ओलसर, वाफ असलेले
असंबद्ध – एकमेकांशी मेळ नसलेले
तोड – उपाय, मार्ग
धग – उष्णतेची आच
तट्टा – बांबूच्या कामट्यांची विणलेली चटई
तुऱ्हाट्या – तुरीच्या वाळलेल्या काड्या
दगावणे – मरण पावणे
आराखडा – कामाची आखलेली योजना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धाब्याच्या छपरावर कोणती माती टाकत असत?
(आ) गल्लीकडची खिडकी अब्बांनी का बुजवली?
(इ) डॉक्टरांनी अब्बांना कोणता प्रश्न विचारला?
(ई) पाणचक्कीतील दालनाचे छत कशाचे बनले आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी धाबे काढून टिनाचे छप्पर का घातले?
(आ) जाळीच्या खिडकीमुळे अम्मीची अडचण कशी दूर झाली?
(इ) घर हलके करण्यासाठी अम्मीने काय काय केले?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही.
(आ) कूलरची टाकी दर आठवड्याला कोरडी करावी.
(इ) धुतलेले कपडे घरात वाळत घालू नयेत.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(घामाची वाफ, वर, पांढरा, पश्चिमेच्या)
(अ) गरम हवा ........ जाते.
(आ) ........ झाल्याने शरीर थंड होते.
(इ) दुपारचे ऊन ........ भिंतीला सर्वांत जास्त लागते.
(ई) ........ रंग सूर्याचे किरण परतवून लावतो.

प्र. ५. "दादीचा जुना नियम चुकीचा नव्हता. तो फक्त एप्रिल-मे महिन्यांचा नियम होता." या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

भाषाभ्यास

(१) पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
हवा, पडदा, दरवाजा, जमीन, हौद, दालन

(२) विरुद्धार्थी शब्द लिहा.
कोरडा × ........ , जाड × ........ , गडद × ........ , आत × ........

(३) पुढील वाक्य भविष्यकाळात लिहा.
अब्बांनी भिंतीत झरोके केले.

उपक्रम

(१) शिक्षकांच्या मदतीने दोन तापमापक घ्या. एकाला ओले कापड गुंडाळा. मे आणि जून महिन्यांत रोज दुपारी एकाच वेळी दोन्हींची नोंद करा. कोणत्या दिवशी फरक जास्त आला आणि कोणत्या दिवशी कमी, ते वहीत लिहा.

(२) तुमच्या घराचा साधा नकाशा काढा. वारा कोठून आत येतो आणि कोठून बाहेर जातो, ते बाणांनी दाखवा. बाहेर जायची वाट सापडली नाही, तर घरातील मोठ्या माणसांशी त्याबद्दल बोला.